समासांतील खुणा

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता ज्या पनवेल गांवांतून जातो, तें गांव आगगाडीनें बोरघाट चढण्यापूर्वीं एक नांवाजलेलें बंदर होतें. घाट उतरून आलेला देशावरचा माल पनवेलच्या खाडींत गलबतांवर चढे आणि मुंबईस पोहोंचे. अशा पेठेच्या गांवीं नाना जातिधर्मांचीं माणसें येऊन वसतात, तशीं तीं येथेंही वसलीं. आणि त्यांतच बेने इस्राएल या लहानशा यहुदी समाजाचीं कांहीं घराणीं होतीं. त्यांचें 'बेथ एल', म्हणजे 'देवाचें घर', हें प्रार्थनामंदिर १८४९ सालीं बांधलें गेलें आणि तें आजही उभें आहे.

अशा मंदिरांत जो ग्रंथ कपाटांत जपून ठेवतात, तो चर्मपत्रावर हातानें लिहिलेला, गुंडाळीच्या रूपाचा असतो. त्यास सेफर तोरा म्हणतात. या गुंडाळींत स्वरांच्या खुणा नसतात, अध्यायांचे किंवा वचनांचे आंकडे नसतात, आणि 'अमुक ठिकाणीं पाहा' अशी सूचनाही कोठें नसते. वाचणारा तयारी करूनच आला पाहिजे. उलट आज त्याच समाजांतील एखादा तरुण खिशांतला मोबाइल काढतो, एका वचनावर बोट ठेवतो, आणि त्या वचनावरील शेंकडों वर्षांचीं भाष्यें व त्याशीं जुळणारीं दुसरीं वचनें क्षणार्धांत त्याच्यापुढें उभीं राहतात. पाठांतराच्या त्या काळापासून बोटाच्या टोंकाच्या या काळापर्यंतचा प्रवास कसा झाला, आणि त्या प्रवासांत हातचें कांहीं सुटत आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय एका लहान समाजाचा दिसला, तरी ज्याच्या घरीं एखादा पूज्य ग्रंथ आहे अशा प्रत्येकाचा त्याच्याशीं संबंध आहे असें आम्हांस वाटतें.

बेने इस्राएलांची परंपरा असें सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि ग्रंथ समुद्रानें गिळले. इतिहासाच्या कसोटीला ही कथा कितपत उतरते हा प्रश्न बाजूला ठेविला, तरी तिचा अर्थ स्पष्ट आहे: हा समाज स्वतःची आठवण 'ग्रंथ हरवलेले लोक' अशी ठेवीत आला. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा फिरत नसे, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. शनिवारचा विसांवा, आठव्या दिवशींची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, थोडे सण-उपास आणि 'शेमा' हें एकेश्वराचा उद्घोष करणारें हिब्रू वचन, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं पिढ्या काढल्या. दाविद राहबी नांवाच्या एका परदेशी गृहस्थानें त्यांस ओळखलें व पुन्हां धर्मशिक्षण दिलें, अशीही त्यांची आठवण आहे. पुढें १७९६ सालीं कंपनी सरकारच्या फौजेंतील सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. अर्थात् पनवेलचें मंदिर उभें राहिलें तेव्हां या नव्या धर्मजागृतीस अर्धें शतक झालें होतें.

या अर्धशतकांत एक विलक्षण गोष्ट घडली. समाजाला त्याचा ग्रंथ त्याच्या मराठी बोलींत मिळाला. परंतु तो दिला दुसऱ्याच धर्माच्या लोकांनीं. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले; त्यांच्या छापखान्यांतून १८२६ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला आणि १८४७ सालीं जुना व नवा मिळून संपूर्ण मराठी बायबल तयार झालें. स्कॉच मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले; त्यांनीं तीनच वर्षांत बेने इस्राएलांच्या उपयोगासाठीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण लिहून छापविलें. मुलांनीं मिशनच्या शाळांत अक्षरें गिरविलीं, वडील माणसांनीं अब्राहाम, मोशे व दाविद यांच्या कथा मराठींत वाचल्या. पण समाजानें देणाऱ्याचा धर्म घेतला नाहीं. धर्मांतर करणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. घेतलें काय आणि सोडलें काय, याचा हा विवेक त्या साध्या तेल्यांनीं आणि शिपायांनीं कसा केला असेल, हें नीट समजण्यासाठीं आपणांस छापील बायबलाच्या समासाकडे पाहिलें पाहिजे.

संदर्भांसहित छापलेलें बायबल ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत मजकुराच्या कडेला किंवा मधल्या अरुंद रकान्यांत बारीक अक्षरांत ग्रंथांचीं संक्षिप्त नांवें व आंकडे दिलेले असतात. या वचनाशीं तें वचन ताडून पाहा, असा त्यांचा अर्थ. आपल्या कीर्तनकारांच्या भाषेंत बोलावयाचें तर हीं 'प्रमाणें' होत. बुवा पूर्वरंगांत एक अभंग घेतात आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ज्ञानेश्वरींतली ओवी, गीतेंतला श्लोक, नाथांचें पद अशीं प्रमाणें देत जातात. श्रोता मान डोलवितो. परंतु प्रमाण निवडलें बुवांनीं, आणि निवडतांना त्यांनीं आपला अर्थही निवडला, हें तो सहसा मनांत आणीत नाहीं. समासांतील खुणांचें असेंच आहे. तीं दिसावयास पत्ते असतात. वस्तुतः तीं मतें असतात.

ही पत्त्यांची विद्या कशी वाढली तें थोडक्यांत सांगतों. बायबलाचे आज जे अध्याय मोजले जातात ती वांटणी तेराव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें रूढ झाली. तिचें श्रेय पुढें कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँगटन यांस देतात. अध्याय ठरल्यावर त्याच शहरांतील डोमिनिकन साधूंनीं, ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखालीं, लॅटिन बायबलांतील शब्द कोठें कोठें येतात याची पहिली मोठी शब्दसूची १२३० नंतरच्या दशकांत रचली. दोनशें वर्षांनीं दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहरचे यहुदी पंडित इसाक नाथान बेन कालोनिमुस यांनीं तशीच सूची हिब्रू बायबलासाठीं करण्यास घेतली. तिला १४३७ पासून सुमारें दहा वर्षें लागलीं. ख्रिस्ती पंडितांशीं वाद करतांना ते जें वचन पुढें करतील तें यहुद्यांस तत्काळ सांपडावें, हा या श्रमांचा एक हेतु होता. म्हणून नाथान यांनीं ख्रिस्त्यांचेच अध्यायांचे आंकडे स्वीकारले, आणि त्या सूचीच्या द्वारें ते हिब्रू बायबलांत कायमचे शिरले. ती सूची १५२३ सालीं व्हेनिसमध्यें छापली गेली. प्रतिपक्षाचें साधन घेऊन स्वपक्षाचें रक्षण करण्याची ही रीत पनवेल-अलिबागच्या मंडळींस सांगावी लागली नाहीं. मिशनचें बायबल हातीं घेऊन त्यांनीं तीच आचरिली.

त्याच व्हेनिसमध्यें, त्याच डॅनियल बाँबर्गच्या छापखान्यांत, १५२४-२५ सालीं जें हिब्रू बायबल छापलें गेलें त्याच्या पानाची मांडणी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मध्यें मूळ वचन, शेजारीं त्याचें अरामी भाषांतर, आणि भोंवतीं राशी, इब्न एज्रा इत्यादि जुन्या आचार्यांचीं भाष्यें. म्हणजे वचन एकटें असें वाचकाच्या हातीं येतच नाहीं. तें गुरुजनांच्या मंडळींत बसलेलें असतें, आणि त्या मंडळींत मतभेदही असतात. आपल्याकडे शांकरभाष्य व इतर टीकांसह छापलेली गीता ज्यांनीं हाताळली असेल त्यांस हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

प्रॉटेस्टंट देशांत मात्र निराळी वहिवाट पडली. तेथें भाष्यकार मागें पडला आणि वचनानेंच वचनाचा अर्थ लावावा हें तत्त्व पुढें आलें. साहजिकच समासांतील खुणांस महत्त्व चढलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनच्या बॅगस्टर या प्रकाशकानें 'ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज' नांवाचें एक पुस्तक काढलें, त्यांत सुमारें पांच लाख असे संदर्भ आहेत अशी त्याची ख्याति आहे. १८९० सालीं अमेरिकेंत जेम्स स्ट्राँग यांची सूची निघाली. तिनें प्रत्येक हिब्रू व ग्रीक मूळ शब्दाला एक क्रमांक दिला, जेणेंकरून हिब्रू न जाणणाऱ्यासही क्रमांकाच्या आधारें मूळ शब्दाचा माग काढतां यावा. हीं दोन पुस्तकें येथें मुद्दाम सांगितलीं, कारण आजच्या बहुतेक मोफत बायबल-प्रणालींच्या पोटांत हींच बसलेलीं आहेत. जुनीं झाल्यामुळें त्यांवर कोणाचा मालकीहक्क उरलेला नाहीं. सबब संगणकावर तींच प्रथम चढलीं.

आतां एक उदाहरण घेऊं. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत सातव्या अध्यायाचें चौदावें वचन आहे. यहूदाचा राजा आहाज शत्रूंच्या जुटीनें घाबरला असतां संदेष्टा त्यास एक खूण सांगतो: एक तरुणी गर्भवती होईल व तिच्या मुलाचें नांव इम्मानुएल असेल. येथें मूळ हिब्रू शब्द 'आल्मा' असा आहे. ग्रीक भाषांतरकारांनीं त्यासाठीं जो शब्द योजिला त्याचा रूढ अर्थ 'पुरुषसंबंध न घडलेली कन्या'. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत पहिल्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनांत हेंच वाक्य येशूच्या जन्माला लावलें आहे. मराठींत 'कुमारी' म्हटलें कीं दोन्ही छटा एकाच शब्दांत येतात, आणि वाद झांकला जातो.

हें वचन आम्हीं दोन प्रकारच्या प्रणालींत शोधून पाहिलें. पहिली प्रॉटेस्टंट संदर्भांवर उभारलेली. तिनें आम्हांस सरळ मत्तयाकडे व लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाकडे नेलें. दुसरी यहुदी भाष्यांवर उभारलेली. तींत अकराव्या शतकांतील फ्रान्सचे आचार्य राशी यांचें भाष्य उघडलें. त्यांच्या मतें ही तरुणी म्हणजे खुद्द संदेष्ट्याची बायको. आणि त्यांचें बोट पुढच्याच, म्हणजे आठव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाकडे वळतें, जेथें तिला मुलगा झाल्याचें सांगितलें आहे. वचन एकच, पण एक खूण सातशें वर्षें पुढें नेते, तर दुसरी पान उलटावयास लावते. दोहोंपैकीं कोणती ग्राह्य हें सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु दोन्ही प्रणालींच्या पडद्यावर तो संदर्भ सारख्याच निळ्या अक्षरांत, सारख्याच निश्चयानें झळकतो, आणि तो कोणीं, कोणत्या श्रद्धेनें घातला हें तेथें लिहिलेलें नसतें, ही गोष्ट आमच्या मनांत राहून गेली.

स्ट्राँगच्या क्रमांकाचा उपयोग करून आम्हीं पुढें 'आल्मा' शब्दाचा शोध केला. तो सात ठिकाणीं आहे. त्यांतील एक उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांतलें. तेथें विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या रिबकेला सोळाव्या वचनांत 'बथुला' म्हणजे निःसंशय कुमारिका म्हटलें आहे, आणि त्रेचाळिसाव्यांत, तोच प्रसंग पुन्हां सांगतांना, 'आल्मा' म्हटलें आहे. एक पक्ष म्हणेल, पाहा, दोन्ही शब्द एकाच मुलीला लागले, तेव्हां अर्थ एकच. दुसरा म्हणेल, तरुणी कुमारिका असूं शकते म्हणून तरुणी शब्दाचा अर्थ कुमारिका होत नाहीं. पूर्वीं सातही ठिकाणें जमविण्यास पंडिताचे कांहीं दिवस गेले असते. आम्हांस एक पळ लागलें. पण सात ठिकाणें समोर आल्यावर वाद जेथल्या तेथेंच राहिला. यंत्रानें श्रम वांचविले, निर्णय वांचविला नाहीं.

या यंत्रविद्येचा इतिहासही तसा जुना होत चालला आहे. इटलींतील जेझुइट पाद्री रोबेर्तो बूसा यांनीं १९४९ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीचें साह्य मिळवून संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची छिद्रांकित कार्डांवर करण्यास आरंभ केला. १९६३ सालीं इस्राएलमध्यें अविएझ्री फ्रँकेल यांनीं वाइझमन संस्थेंत यहुदी धर्मनिर्णयांच्या ग्रंथांवर तसेंच काम सुरू केलें; तें पुढें बार-इलान विद्यापीठांत वाढलें आणि त्यास २००७ चें इस्राएल पारितोषिक मिळालें. पुढें घरच्या संगणकांवर चालणाऱ्या बायबल-प्रणाली निघाल्या. २००० सालीं 'ई-सोर्ड' ही मोफत प्रणाली आली. आणि २०११ सालीं आरंभ झालेल्या 'सेफारिया' या संस्थेनें हिब्रू ग्रंथ व त्यांचीं भाष्यें परस्परांस जोडून सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं.

ह्या प्रणालींचें आंतलें काम फारसें गूढ नाहीं. संपूर्ण ग्रंथ एकदां वाचून प्रत्येक शब्दापुढें तो जेथें जेथें येतो तीं स्थळें टिपून ठेवावयाचीं; मग कोणी शब्द विचारला कीं ग्रंथ न चाळतां ती टीप तेवढी काढून द्यावयाची. पॅरिसच्या साधूंनीं जें केलें तेंच हें, वेग मात्र निराळा. भाष्यांच्या बाबतींत आणखी एक पायरी असते: भाष्यकारानें 'यशया ७:१४' असें जेथें लिहिलें असेल तें यंत्र ओळखतें आणि त्या वचनाशीं त्याची गांठ मारतें.

ह्या गांठी कशा चुकतात हें अभ्यासकानें जाणून असावें. पहिली अडचण आंकड्यांची. हिब्रू बायबलांत अनेक स्तोत्रांचें शीर्षक हेंच पहिलें वचन धरतात. इंग्रजींत व तिच्या मागोमाग मराठींत तें धरीत नाहींत, म्हणून पुढचीं सगळीं वचनें एकानें सरकतात. योएलाच्या ग्रंथाचे हिब्रूंत चार अध्याय आहेत, मराठींत तीन. मलाखीचे हिब्रूंत तीन, मराठींत चार. यशयाच्या नवव्या अध्यायांतील बालकाच्या जन्माचें प्रसिद्ध वचन मराठींत सहावें आहे, हिब्रूंत पांचवें. यहुदी भाष्यांतला पत्ता घेऊन मराठी पुस्तक उघडणारा माणूस अशा ठिकाणीं शेजारच्या दारावर थाप मारतो, आणि घरधनी निराळा निघाला तरी त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मराठी शब्द विभक्तीबरोबर रूप पालटतो. 'पाणी' शोधावें तर 'पाण्यांत' सुटतें, 'देऊळ' शोधावें तर 'देवळांत' सुटतें. जी प्रणाली इंग्रजीच्या मापानें बेतलेली आहे ती अक्षरशः जुळेल तेवढेंच दाखविते, आणि दाखवितांना 'इतकींच ठिकाणें' असा आंकडाही देते. त्या आंकड्यावर विसंबून जो सिद्धांत मांडील त्याची फजिती ठरलेली. हिब्रूंतही शब्दाला पुढेंमागें प्रत्यय चिकटतात, म्हणून बार-इलानच्या मंडळींना आधीं व्याकरण यंत्रास शिकवावें लागलें. मराठीचें तें काम मराठी माणसांनींच केलें पाहिजे.

परंतु या चुका हिशेबांतल्या. त्या दुरुस्त होतील. खरा धोका निराळा आहे, आणि तो बेने इस्राएलांच्या इतिहासानें आपणांस दाखविला आहे. संदर्भाच्या बळावर माणसांचें भवितव्य ठरूं शकतें. इस्राएल राष्ट्र १९४८ सालीं स्थापन झाल्यावर या समाजाचीं बहुसंख्य कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. तेथें प्रश्न निघाला: शतकानुशतकें धर्मग्रंथांपासून दूर राहिलेल्या या लोकांचे पूर्वजांचे विवाह व काडीमोड शास्त्राप्रमाणें झाले होते काय? जर नसतील, तर यांच्याशीं इतर यहुद्यांनीं सोयरीक करावी काय? धर्मनिर्णयांचे जुने ग्रंथ चाळले गेले. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें अशा विवाहांपूर्वीं पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. कोंकणांतून गेलेल्या माणसांनीं त्याविरुद्ध चळवळ केली, आणि १९६४ सालीं त्या देशाच्या संसदेनें हे लोक सर्वथैव यहुदीच आहेत असें जाहीर केलें.

ज्यांना ग्रंथांतील पुरावा हवा होता त्यांच्यापुढें एक जुना संदर्भ होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस मिसर देशांतील थोर आचार्य मैमोनिदीस यांनीं एका पत्रांत हिंदुस्थानांतील यहुद्यांविषयीं ओझरता उल्लेख केला आहे: त्यांस तोरा ठाऊक नाहीं, पण ते शनिवारीं विसांवा घेतात व आठव्या दिवशीं सुंता करतात. पुष्कळ अभ्यासकांनीं हें वर्णन बेने इस्राएलांस लावलें. पत्रांत कोंकणाचें नांव नाहीं, तेल्यांचा उल्लेख नाहीं. पण तेंच वाक्य एकाला अज्ञानाचा दाखला वाटेल, दुसऱ्याला निष्ठेचा. आम्हांस विचाराल तर, ग्रंथ नसतांही शनिवार न सोडणाऱ्या माणसांविषयीं याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

आतां शेवटचा मुद्दा. समासांतील खुणा परक्या आहेत हें ओळखून हा समाज स्वस्थ बसला नाहीं. त्यानें स्वतःच्या खुणा मराठींत घातल्या. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा 'हग्गादा' हा ग्रंथ मुंबईंत १८४६ सालीं हिब्रू-मराठींत शिळाछापावर निघाला व पुण्यांत १८७४ सालीं पुन्हां निघाला. पुण्याच्या आवृत्तींत सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. या ग्रंथाचा एक मोठा भाग म्हणजे परस्परसंदर्भांची माळच होय. अनुवाद नामक ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायांतील चार वचनें घ्यावयाचीं, त्यांतील एकेक पद उचलावयाचें आणि तें निर्गम इत्यादि ग्रंथांतील दुसऱ्या वचनाशीं जुळवावयाचें. तेथें राष्ट्र मोठें झालें असें म्हटलें, कीं लगेच निर्गमाच्या पहिल्या अध्यायांतील सातवें वचन. आमचें दुःख देवानें पाहिलें असें म्हटलें, कीं दुसऱ्या अध्यायांतील पंचविसावें. ज्या घरांत वडील मोठ्यानें वाचीत आणि मुलें ऐकत, त्या घरांत ही विद्या कोणत्याही सूचीवांचून पिढीकडून पिढीकडे गेली.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं प्रार्थनांचे ग्रंथ एकामागून एक मराठींत आणले. ते मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक आणि विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. हायम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ सालीं समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. आणि १८८० च्या सुमारास मुंबईंत या मंडळींनीं चक्क कीर्तनें सुरू केलीं. टाळ, पेटी, आख्यान, सर्व कांहीं आपल्या बुवांचें. कथा मात्र योसेफाची आणि मोशेची. प्रमाण देण्याची रीत अशा प्रकारें एका धर्मांतून दुसऱ्यांत गेली आणि दोघांचेंही कांहीं बिघडलें नाहीं.

मराठी ख्रिस्ती समाजानेंही आपल्या परीनें हेंच केलें. बाबा पदमनजी यांनीं नव्या करारावर मराठींत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून केडगांवच्या मुक्ति सदनांत सबंध बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर केलें, तें १९२२ सालीं त्यांच्या मृत्यूपूर्वीं संपविलें, आणि त्यांच्याच छापखान्यांत तें स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. हिंदु शास्त्रग्रंथांसाठींही मुंबईंत हें काम झालें: कर्नल जेकब या लष्करी अधिकाऱ्यानें १८९१ सालीं उपनिषदें व गीता यांची वाक्यसूची प्रसिद्ध केली, व पुढें १९४० च्या सुमारास गजानन शंभु साधले यांचा उपनिषद्वाक्यमहाकोश निघाला.

ज्या पांच लाख संदर्भांवर मोफत प्रणाली चालतात, त्यांत पुण्याच्या हग्गादाचा, राजपूरकरांच्या भाषांतरांचा किंवा त्या कीर्तनांचा एकही शब्द नाहीं. तें पुस्तक लंडनमध्यें रचलें गेलें, तेव्हां त्यांत हा शब्द असणार तरी कसा? पूर्वीं ग्रंथ न सांपडणें म्हणजे तो दुर्मिळ असणें एवढाच अर्थ होता. आतां शोधणाऱ्यास पडद्यावर जें दिसत नाहीं तें नाहींच, अशी समजूत दृढ होत चालली आहे. नवगांवच्या समुद्रानें एकदां ग्रंथ गिळले असें जी परंपरा सांगते, तिच्या वंशजांचे मराठी ग्रंथ दुसऱ्यांदां अशा रीतीनें बुडूं नयेत. पनवेलींत आज या समाजाचीं थोडींच घरें आहेत. इस्राएलमध्यें वाढलेल्या नातवंडांस हिब्रू येतें, पण आजीच्या पोथीवरचें मराठी वाचतां येत नाहीं. हें काम करावयाचें तर ज्यांस दोन्ही लिपी वाचतां येतात अशीं माणसें आहेत तोंवरच झालें पाहिजे, आणि त्यांत हिब्रू न जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासही पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. पोथ्यांचीं पानें उतरून घेणें, मराठी मजकूर टंकणें, प्रत्येक वचनास त्याचा पत्ता लावणें, आणि हा संदर्भ कोणीं, केव्हां, कोणत्या गांवीं दिला तें शेजारीं लिहिणें, एवढेंच तें आहे.

राहतां राहिला वाचक. त्यास आमची विनंति एवढीच कीं, पडद्यावरच्या खुणेवर बोट ठेवण्यापूर्वीं ती कोणाची हें विचारावें, आणि ठेवल्यानंतर त्या स्थळाचें मागचें व पुढचें एकेक पान तरी वाचावें. सेफर तोराच्या गुंडाळींत समास कोराच असतो. वाचणाऱ्यास हें ठिकाण सोडून दुसऱ्या ठिकाणीं जावयाचें असेल, तर मधली सगळी वाट आपल्या हातांनीं उलगडावी लागते. यंत्रानें ती वाट आंखूड केली हे त्याचे उपकार आहेत. परंतु वाटेंत काय होतें तें पाहण्याची संवय मात्र आपणच राखली पाहिजे.